मेन अर्थिंगची वायर जाड करायची आहे, १६ स्क्वेअर एमएम तांबं घेऊ का?

कातळावरचा | ९ एप्रिल, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. आमचं घर देवरुखजवळच्या गावात आहे. वडिलांनी १९९१ साली बांधलेलं, तळमजला आणि वर दोन खोल्या. मी पुण्यात, घरी आई-बाबा दोघंच.

गेल्या आठवड्यात आई फोनवर म्हणाली, "न्हाणीघरातल्या नळाला ओला हात लागला की मुंग्या येतात रे." दोन दिवसांनी म्हणाली, वॉशिंग मशीनलाही येतात. शनिवारी घरी गेलो आणि गावातल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांचं निदान असं: मेन स्विचपासून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत जुनी ८ नंबरची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) तार आहे, ती बारीक पडते. लोड वाढलाय, गीझर आला, मशीन आलं, आता एसीही घेणार. तेव्हा १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाका आणि जोडीला केमिकल अर्थिंग (रसायन भरलेली तयार नळी पुरतात ते) करा. अंतर साधारण १८ मीटर. खर्चाचा आकडा ऐकून बाबा म्हणाले, "तेवढ्यात दुसरं मशीन येईल."

डीबीत (वीज वाटणाऱ्या पेटीत) एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारे स्विच) आहेत, मेनला ३२ अँपियरचा. आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा स्विच) नाही. माझ्याकडच्या मल्टिमीटरने मशीनच्या बॉडीपासून अंगणात खुपसलेल्या स्क्रूड्रायव्हरपर्यंत मोजलं तर १०८ व्होल्ट दाखवतो.

प्रश्न एवढाच की १६ घेऊ की १० मध्ये भागेल? आणि तांबं की जीआय पट्टी?

---

तारतम्य | ९ एप्रिल, रात्री ११:०५

वायरच्या जाडीचं नंतर बघू. आधी घरी फोन करा, आत्ताच. गीझरचं पाणी बादलीत काढून स्विच बंद करायचा, मगच अंघोळीला जायचं. वॉशिंग मशीन वापरून झाली की पिन काढून ठेवायची.

आता तुमच्या १०८ बद्दल. हा आकडा बघून मला बरंच कळलं. मशीनमध्ये विजेचा गोंगाट गाळणारा एक फिल्टर असतो. त्यात दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थिंग धड असेल तर त्यातून गळणारा अर्धा-पाऊण मिलीअँपियर निमूट जमिनीत जातो, कुणाला पत्ताही लागत नाही. अर्थिंग तुटलं की बॉडी दोन कपॅसिटरच्या मधोमध लोंबकळते. २३० चे निम्मे ११५, मीटर लावल्यावर थोडे कमी. म्हणजे तुमची तार बारीक पडलेली नाही, ती तुटलेली आहे. बारीक असती तर १०८ दिसलेच नसते.

नळाला मुंग्या का? घरातल्या सगळ्या थ्री-पिनचे अर्थ एका ठिकाणी मिळतात. खड्ड्याकडची वाट तुटली तरी ते आपापसात जोडलेलेच राहतात. त्यामुळे मशीनची गळती गीझरच्या टाकीवर, तिथून जाळीच्या नळीतून नळावर. या मुंग्यांनी माणूस दगावत नाही. पण उद्या गीझरची कॉइल फुटली तर त्याच नळावर पूर्ण २३० येतील.

खात्री करायची तर मशीनची पिन काढून गीझरवर मोजा.

---

शून्य_ओहम | १० एप्रिल, सकाळी ७:५०

तारतम्य यांच्याशी सहमत, पण विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर द्यायला हवं. आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकातला नेहमीचा हिशेब सोपा आहे. फेजची वायर १६ स्क्वेअर एमएमपर्यंत असेल तर संरक्षक अर्थची वायर तेवढीच. फेज १६ ते ३५ असेल तर अर्थ १६. त्यापुढे फेजच्या निम्मी. तुमच्या मेनला ६ किंवा १० ची वायर असणार, तेव्हा भिंतीवरून जाणारं अर्थ तेवढंच पुरतं.

जमिनीखालून जाणाऱ्या तुकड्याची गोष्ट वेगळी. तिथे विजेपेक्षा गंजाचं भय जास्त. गंजापासून संरक्षण नसलेलं उघडं तांबं असेल तर किमान २५, लोखंड असेल तर किमान ५०. मिस्त्रींनी सांगितलेलं १६ भिंतीवर उगाच जास्त आणि मातीत कमी!

---

सुलभा_आठल्ये | १० एप्रिल, सकाळी ९:१५

एक बाळबोध शंका. आमच्याकडे वायरमन आला की फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून दाखवतो. लख्ख पेटला की "बघा ताई, अर्थिंग एकदम कडक." हे खरं असतं का? मी तर दर वेळी चहा पाजून पाठवते.

---

तारतम्य | १० एप्रिल, सकाळी ९:४०

चहा पाजत राहा, पण बल्बवर विश्वास ठेवू नका.

शंभर वॅटचा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध साधारण ५३० ओहम असतो. तुमच्या खड्ड्याचा रोध ५० ओहम असला, जो अजिबात चांगला नाही, तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात. डोळ्यांना तो लख्खच दिसणार. हा बल्ब फक्त "कुठेतरी काहीतरी जोडलेलं आहे" एवढंच सांगतो. शिवाय आरसीसीबी असलेल्या घरात बल्ब लावताक्षणी सगळं घर अंधारात जाईल. ते मात्र चांगलं लक्षण.

मोजायला अर्थ टेस्टरच हवा. मेन बंद करून खड्ड्याची तार सोडवायची, जमिनीत दोन खुंट्या ठोकायच्या आणि मोजायचं. कातळावर खुंटी जात नाही, तिथे ओली पोती टाकून त्यावर पत्रा ठेवतात.

---

कातळावरचा | १० एप्रिल, दुपारी १:२०

शेजारच्या दादाला फोनवर सांगून मोजून घेतलं. मशीनची पिन काढली की गीझरवर ३-४ व्होल्ट, लावली की पुन्हा शंभराच्या वर. तारतम्य, तुम्ही देवरुखला न जाता सांगितलंत!

मिस्त्री म्हणतात, तार तुटली असेल तर खोदत बसू नका, मीटरजवळ अर्थ न्यूट्रलला जोडून देतो, फुकटात होईल. माझा एक मित्र म्हणाला की परदेशात असंच करतात. खरं का?

---

लेस्टरकर | १० एप्रिल, संध्याकाळी ६:३०

मित्र अर्धवट बरोबर आहे, म्हणून जास्त धोकादायक आहे.

मी इंग्लंडात राहतो. इथे बऱ्याच घरांना कंपनीकडूनच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र येतात आणि मीटरजवळ वेगळे होतात. पण हे घरमालक किंवा मिस्त्री करत नाही. कंपनी तो न्यूट्रल वाटेत जागोजागी जमिनीत उतरवते, कट-आउटला (कंपनीच्या मेन फ्यूजला) सील असतं, त्याला हात लावायची परवानगी नसते. कंपनी अशा जोडणीत बाहेरचा रोध जास्तीत जास्त ०.३५ ओहम सांगते. २३० भागिले ०.३५ म्हणजे साडेसहाशे अँपियर. फॉल्ट झाला की एवढा करंट अर्थच्या तारेतून धावतो, म्हणून इथे तिच्या जाडीला महत्त्व. माझं घर जुनं, त्यात ६ ची तार होती. किचनचं काम काढलं तेव्हा इलेक्ट्रिशियनने आधी ती बदलून १६ ची केली, गॅस आणि पाण्याच्या पाइपांना १० ची वेगळी जोडली, मगच पुढच्या कामाला हात घातला. तेव्हा मला वाटलं होतं गिऱ्हाईक कापतोय!

आणि एवढं करूनही इथे न्यूट्रल तुटण्याची धास्ती असतेच. अंगणात इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर बसवायचा तर त्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते.

---

तारतम्य | १० एप्रिल, रात्री ९:१०

लेस्टरकरांनी माझं काम हलकं केलं.

कातळावरचा, तुमच्याकडे खांबावरून दोनच तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थ तुमचा तुम्ही करायचा. एका पावसाळी रात्री खांबावर न्यूट्रलचा जंपर (जोडतार) निसटला की काय होईल बघा. बंद न केलेल्या दिव्यांमधून, फ्रिजमधून फेज न्यूट्रलवर येणार, तुम्ही जोडलेल्या तुकड्यातून अर्थवर आणि तिथून घरातल्या प्रत्येक धातूच्या बॉडीवर. स्विच बंद असलेल्या उपकरणांवरसुद्धा, कारण अर्थला स्विच नसतो. दोन तारांमधली एक तुटणं गावात काही नवलाचं नाही. मिस्त्रींना नम्रपणे नाही म्हणा.

आता जाडीचा हिशेब, एकदाच. ८ नंबरची जीआय तार म्हणजे ४ मिलिमीटर व्यासाची, १३ स्क्वेअर एमएम. १८ मीटरला तिचा रोध ०.२ ओहमच्या आसपास. १६ चं तांबं टाकलंत तर ०.०२. वाचले किती? ०.१८ ओहम. आणि कातळातल्या खड्ड्याचा रोध सहज पन्नास-शंभर ओहम असतो. शंभर रुपयांच्या कर्जातले अठरा पैसे फेडण्यासाठी तुम्ही सगळी पुंजी खर्च करताय.

पैसे दोन गोष्टींवर घाला: खड्डा आणि आरसीसीबी. खड्डा २० ओहमचा करून दाखवलात तरी फॉल्टला ११-१२ अँपियरच वाहणार. ३२ चा एमसीबी त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही आणि बॉडी तशीच जिवंत राहणार. ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी मात्र तिथल्या तिथे पडेल.

---

शून्य_ओहम | ११ एप्रिल, सकाळी ८:०५

"२० ओहम" म्हणून सोडून देऊ नका, लोकांना वाटेल चालतं. सबस्टेशनला एक ओहमसाठी धडपडतात.

---

तारतम्य | ११ एप्रिल, सकाळी ८:३०

सबस्टेशनला हजारो अँपियर पचवायचे असतात. इथे आई-बाबांचा नळ आहे. बॉडीवर फार तर ५० व्होल्ट राहू द्यायचे, तर ५० व्होल्ट भागिले ०.०३ अँपियर करा, १६०० ओहमच्या वर येतात. म्हणजे गणिताने आरसीसीबीला शंभर ओहमचा खड्डासुद्धा पुरतो. मी तरी २०-२५ कडे जायला सांगतो, कारण उन्हाळ्यात माती वाळते आणि दहा वर्षांनी पाइप गंजतो. सबस्टेशनचा आकडा घराला लावून लोकांना घाबरवलं की ते केमिकल अर्थिंगवाल्याच्या तावडीत सापडतात.

---

कातळावरचा | ५ मे, रात्री ९:५५

उशीर झाला, सुट्टी मिळत नव्हती. रत्नागिरीहून परवाना असलेल्या ठेकेदाराचा माणूस अर्थ टेस्टर घेऊन आला. खड्डा न्हाणीघराच्या मागे होता. पूर्वी सांडपाणी तिथे मुरायचं, म्हणून आजोबांनी जागा निवडलेली. आठ-दहा वर्षांपूर्वी आम्ही मोरीचं पाणी पाइपने परसात नेलं आणि त्यावर लादी टाकली. म्हणजे खड्डा तहानलेला ठेवून वर झाकण घातलं.

लादी फोडली. सिमेंटच्या गळ्याखाली चार बोटांवर तार संपलेली! नुसता तांबडा भुगा. वरून बघितलं तर ती टणक, हिरवा रंग लावलेली. पाइपही वरच्या हातभर भागात चाळणी झालाय. मीठ-कोळसा भरलेला होता, मिठानेच खाल्लं असं तो माणूस म्हणाला.

आता नवा खड्डा कुठे, किती खोल? विहिरीजवळ पोफळीच्या वाडीत माती आहे, घराभोवती सगळा जांभा. मेन स्विचपासून वाडी तेवढीच लांब, १८-२० मीटर.

---

तारतम्य | ५ मे, रात्री १०:३०

वाडीतच. शिंपण्याचं पाणी फुकट मिळेल.

पाइप जाड घ्यायचा मोह टाळा. मातीतला रोध बहुतांश लांबीवर ठरतो. तीन मीटरचा ४० मिलिमीटर पाइप आणि तेवढाच ८० मिलिमीटरचा, यात फरक जेमतेम १२ टक्के. पण तोच ४० चा पाइप सहा मीटर खाली गेला तर रोध निम्म्याजवळ येतो. कोकणात सहा मीटर खाली जायला कातळ देत नाही, म्हणून तीन मीटरचे दोन-तीन पाइप, एकमेकांपासून सहा मीटरवर. जवळजवळ ठोकलेत तर ते एकाच मातीसाठी भांडतात, उपयोग कमी.

एक पाइप घाला, मोजा. मग दुसरा, पुन्हा मोजा. तिसरा लागतोय का ते आकडाच सांगेल. तीन मीटरच्या पाइपचा रोध ओहममध्ये मातीच्या रोधकतेच्या साधारण ०.३ पट येतो. सांगलीकडच्या काळ्या मातीत रोधकता १० ओहम-मीटरच्या घरात असली की एका पाइपला तीन ओहम. तुमच्या जांभ्यावर हजार असली तर तोच पाइप तीनशे! त्या केमिकलच्या नळीत काय भरलंय याने मातीचा स्वभाव बदलत नाही. भोवतीचं बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) ओल धरून ठेवतं, तेवढा फायदा खरा, आणि ते सुटंही मिळतं.

---

लेस्टरकर | ६ मे, दुपारी २:००

तांब्याची तार आणि जीआय पाइप एकत्र जोडू नका एवढं मीही सांगतो. ओल्या मातीत दोन धातू भेटले की जस्त आधी जातं, मग लोखंड.

---

शून्य_ओहम | ६ मे, दुपारी २:४५

त्यासाठीच वाडीतून घरापर्यंत २५ बाय ३ मिलिमीटरची जीआय पट्टी. ७५ स्क्वेअर एमएम होते, गंजायला भरपूर मास आहे. भिंतीवर, जमिनीपासून वर, कोरड्या जागी तांब्याचा टिनवाला लग (तार अडकवायचं टोक) लावून तिथून डीबीपर्यंत हिरवी ६ ची वायर. आणि वाड्यांतून तांबं चोरीला जातं, पट्टीकडे कुणी बघत नाही.

(तारतम्य यांच्या २० ओहमवर माझं मत तेच आहे, पण भांडत नाही.)

---

कातळावरचा | १२ मे, रात्री ८:२०

झालं काम, आकडे देतो.

पहिला पाइप ६१ ओहम. दुसरा जोडल्यावर ३३. तिसऱ्यानंतर २३. चौथ्याला बाबांनी नकार दिला, पोफळीची मुळं तुटतात म्हणून. मीठ घातलं नाही, बेंटोनाइट आणि गाळलेली माती. तिन्हींवर झाकणाच्या चौकटी केल्यात, जोड डोळ्यांना दिसतो. नळाजवळ शून्य व्होल्ट. आईने तीन वेळा ओला हात लावून बघितला, मग म्हणाली, "आता नळ मुका झाला."

४० अँपियर, ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी बसवला आणि तिथे नवीन नाटक. विहिरीचा पंप सुरू केला की पडतो. मिस्त्री (तेच जुने, बघायला आले होते) म्हणाले, "सांगितलं नव्हतं, ही यंत्रं टिकत नाहीत, काढून टाका."

---

तारतम्य | १२ मे, रात्री ८:४५

काढलात तर मी देवरुखला येईन, तेही भांडायला.

पंपाची केबल किती तारांची आहे? जोड कुठे आहे?

---

कातळावरचा | १३ मे, सकाळी ११:१०

केबल दोन तारांची. पंपाला अर्थच नाही. जोड विहिरीच्या कठड्याबाहेर, टेप गुंडाळलेला, शेवाळात. टेप सोडला तर आतून पाणी ठिबकलं. म्हणजे इतकी वर्षं पंप लावला की करंट कठड्यात मुरत होता आणि त्याच कठड्याला टेकून बाबा रोज पाणी बघतात.

तीन तारांची नवी केबल ओढली, मधे जोड नाही. आरसीसीबी शांत. मिस्त्रींना जुना जोड दाखवला. बराच वेळ उलटसुलट बघत होते, मग म्हणाले, "माझ्या घरी पण असाच आहे."

---

सुलभा_आठल्ये | १३ मे, दुपारी १२:३०

आमच्याकडे आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण आहे, ते दाबल्यावर वीज जाते. म्हणजे अर्थिंगही ठीक आहे ना?

---

शून्य_ओहम | १३ मे, दुपारी १:०५

नाही ताई. बटण फक्त आरसीसीबीचा खटका चालतो का ते बघतं. आतल्या आत थोडा करंट वळवतो तो, अर्थच्या तारेचा त्यात संबंधच नाही. अर्थ साफ तुटलेलं असलं तरी बटणाने वीज जाईल. तीनेक महिन्यांनी दाबत जा, खटका अडकत नाही.

---

डोंबिवली_जलद | १४ मे, रात्री ११:३०

आमची इमारत १९८६ ची, चौथा मजला. फ्रिजवर मल्टिमीटर ८५ दाखवतो. मीटर रूममध्ये पावसात घोटाभर पाणी असतं, अर्थिंगच्या पट्टीचा खालचा भाग कुणी बघितलेला नाही. सोसायटीत विषय काढला तर "तुमच्या एकट्यालाच करंट कसा लागतो" म्हणतात. मी गच्चीवरून स्वतःची वेगळी तार खाली सोडू का?

---

तारतम्य | १५ मे, सकाळी ७:२०

वेगळी तार नको. चार मजले लोंबणारी तार कोण सांभाळणार, आणि इमारतीची पट्टी तशीच मेलेली राहील. तुमच्या हातात आज एकच आहे: स्वतःच्या डीबीत ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी. अर्थ नसला तरी तो काम करतो, फक्त मग तो तुमच्या अंगातून करंट गेल्यावर पडतो. झटका बसतो, पण सहसा जीव वाचतो.

सोसायटीचं म्हणाल तर वाद घालू नका. पाच शेजाऱ्यांच्या वॉशिंग मशीनवर मीटर लावून फोटो काढा, नोटीस बोर्डावर लावा.

---

कातळावरचा | १९ जुलै, रात्री ९:३०

पावसात पुन्हा मोजून घेतलं, ९.५ ओहम. मेमधले २३ आठवत असतील. आता खरी परीक्षा पुढच्या एप्रिलमध्ये, तेव्हाचा आकडा इथेच टाकतो.

गेल्या आठवड्यात गडगडाटात आरसीसीबी एकदा पडला. आईने न घाबरता वर केला आणि मग मला फोन. मिस्त्रींनी त्यांच्या पंपाची केबल बदलली. आता गावात "तीन तारांचीच घ्या" म्हणून सांगत फिरतात, जणू त्यांचीच कल्पना.

---

डोंबिवली_जलद | २० जुलै, सकाळी ८:१५

फोटो लावले होते. सातपैकी सहा मशीनवर ८० च्या वर. रविवारी मीटर रूमची लादी फोडणार आहेत. सेक्रेटरींच्या मशीनवर सगळ्यात जास्त निघाले, ११२.